त्यांना झील धरता येते का?

प्रश्न : माझे यजमान ३८ वर्षांचे आहेत. आमचे गाव जळगाव जिल्ह्यात, अमळनेर तालुक्यात आहे. लग्न झाले तेव्हा ते मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवत आणि गावच्या भजनी मंडळात ढोलकीवाल्या बाबांच्या मागे बसून झील धरत, म्हणजे मागून सुराला सूर देत. पुढे टिकटॉकवर त्यांचे पुष्कळ चाहते झाले, ते २०२० मध्ये एका रात्रीत गेले. मग त्यांनी यूट्यूबवर अहिराणी गाणी सुरू केली. तीन वर्षांपूर्वी त्यांचे हळदीचे एक गाणे फार चालले. त्याची चाल सासूबाई आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) म्हणतात त्या गौराईच्या गाण्याची आहे, पण गीत, संगीत आणि गायन असे तिन्ही ठिकाणी यजमानांचे एकट्याचे नाव आहे. ज्या बाबांनी त्यांना ताल शिकवला त्यांना आता बोलावतही नाहीत. नंतरची गाणी तशी चालली नाहीत. दुकान बंद आहे. रात्री दोन-तीनपर्यंत कमेंट वाचत बसतात आणि कोणी वाईट लिहिले तर दोन दिवस घरात कोणाशी बोलत नाहीत. मी काही म्हटले की "मनामुये तुमले गाव वयखस" (माझ्यामुळे तुम्हाला गाव ओळखते) असे ऐकवतात. लाईव्ह करताना माझ्या शिक्षणाची थट्टा करतात. आता मोठ्या व्हिडिओसाठी दोन बिघे जमीन विकायची म्हणतात आणि आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला शाळा बुडवून रील्समध्ये नाचवतात. खोटे का बोलू, लग्नाकार्यात बाया ओळखून जवळ यायच्या तेव्हा मलाही बरे वाटायचे. मावसभाऊ म्हणतो की हा नार्सिसिझम नावाचा आजार आहे आणि तो कधी बरा होत नाही. हे खरे आहे का? मी काय करावे?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत प्रामाणिक ओळ शेवटाकडे आहे. बाया ओळखून जवळ यायच्या तेव्हा तुम्हालाही बरे वाटायचे, ही ओळ तुम्ही सहज गाळू शकला असतात, आणि मग सगळा दोष एकाच माणसाच्या पदरात टाकणारे पत्र तयार झाले असते. ती तुम्ही ठेवलीत म्हणून मलाही मोकळेपणाने लिहिता येते आहे. लोकांनी आपल्याकडे पाहावे, चारचौघांत आपले नाव घ्यावे, ही भूक तुम्हाला आहे, मला आहे, आणि हे सदर छापून आले की मी मजकुराआधी माझे नाव नीट आले आहे का ते पाहते, हेही कबूल करते. भूक असण्यात दोष नाही. मात्र ती भागवण्यासाठी घरातल्या कोणाच्या ताटातले उचलले जाते आहे, ते आपल्याला पाहायचे आहे.

आधी मावसभावांनी दिलेल्या शब्दाकडे वळते. पाण्यातल्या आपल्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या नार्सिसस नावाच्या तरुणाची एक ग्रीक कथा आहे, तिच्यावरून हा शब्द आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मानसशास्त्राच्या लेखनात शिरला, फ्रॉइड यांनी १९१४ मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेच्या १९८० च्या आवृत्तीत त्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणून स्थान दिले. मराठीत आपण त्याला आत्मप्रीती म्हणू. त्या पुस्तिकेत आज नऊ लक्षणे दिलेली आहेत : स्वतःविषयी अवास्तव मोठेपणाची भावना, अमर्याद यशाची स्वप्ने, आपण कोणी खास आहोत ही समजूत, कौतुकाची सततची गरज, आपल्याला सगळे मिळालेच पाहिजे हा हक्क, दुसऱ्यांचा वापर करून घेणे, दुसऱ्याचे दुःख न कळणे, असूया आणि उद्धटपणा. यांतली किमान पाच असावी लागतात. तुमच्या पत्रातून पाच मोजून दाखवणे कठीण नाही, आणि मावसभावांनी बहुधा तेच केले असावे.

पण मोजणी तेवढ्यावर थांबत नाही. ही स्वभावाची घडण तरुणपणाच्या सुरुवातीलाच दिसू लागलेली असावी लागते, आणि ती दुकानात, घरात, नातेवाइकांत, मित्रांत अशी सगळीकडे दिसावी लागते. तुम्ही तर लिहिता की लग्न झाले तेव्हा हा माणूस बाबांच्या मागे बसून झील धरत होता. ज्याला हा विकार खोलवर आहे, त्याला वर्षानुवर्षे मागच्या रांगेत बसून दुसऱ्याच्या सुराला सूर देणे सहसा जमत नाही. पत्रावरून निदान करणे योग्य नाही आणि मी ते करणार नाही. पण तुमच्याच शब्दांवरून पाहिले तर इथे जन्माचा स्वभाव कमी आणि मागाहून चढलेला रंग जास्त दिसतो. रॉबर्ट मिलमन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी प्रसिद्धीनंतर येणाऱ्या अशा बदलासाठी 'परिस्थितीतून आलेली आत्मप्रीती' या अर्थाचा शब्द सुचवला होता. अधिकृत निदानांत त्याला जागा नाही, तरी तुमच्या घरात जे चालले आहे ते समजून घ्यायला तो उपयोगी पडतो. गावाने, नातेवाइकांनी, कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी एखाद्याला रोज सांगितले की तू वेगळा आहेस, तर त्यावर विश्वास न ठेवायला फार घट्ट पाय लागतात.

याच्या विरुद्ध बाजूला नेणारी एक पाहणीही आहे आणि ती तुमच्यापासून लपवणे बरे नाही. यंग आणि पिन्स्की या दोघा संशोधकांनी २०० प्रसिद्ध व्यक्तींना आत्मप्रीती मोजणारी प्रश्नावली देऊन तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. सर्वसामान्य लोकांपेक्षा या मंडळींचे गुण जास्त निघालेच, पण त्या क्षेत्रात किती वर्षे काढली याच्याशी त्या गुणांचा संबंध आढळला नाही. म्हणजे प्रसिद्धी माणसाला बिघडवते यापेक्षा, त्या ओढीचेच लोक प्रसिद्धीकडे जातात, असे त्यांचे म्हणणे होते. त्या पाहणीत टीव्हीवरच्या रिअॅलिटी शोमधल्या मंडळींचे गुण सर्वांत जास्त होते आणि संगीत क्षेत्रातल्या लोकांचे सर्वांत कमी. ज्याला रोज दुसऱ्याच्या तालाशी आपला ताल जुळवावा लागतो, त्याला दुसरा माणूस पुरता विसरणे परवडत नाही, असा मी याचा अर्थ लावते. हा माझा तर्क आहे, त्या संशोधकांचा नाही. तुमच्या यजमानांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असतील. ओढ आधीपासून असेल, पण भजनी मंडळात तिला बांध होता. तो बांध कुठे फुटला, ते पाहू.

रंगमंचावरच्या माणसाला लोकांच्या नजरेची गरज असते यात आजार शोधण्याचे कारण नाही. सुताराला रंधा लागतो तशी त्याला ती नजर लागते. बालगंधर्वांचे उदाहरण आपल्या भागाला जवळचे आहे, कारण त्यांना लहानपणी गाण्याचे पहिले धडे जळगावातच मेहबूब खाँ यांच्याकडे मिळाले आणि जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला आजही त्यांचे नाव आहे. प्रेक्षकांना ते मायबाप म्हणत. १९११ मध्ये एका गाजलेल्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली आणि तरीही तो प्रयोग झाला, ही हकीगत त्यांच्या चरित्रात निष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. मी ती कधीही ऐकली की माझे लक्ष रंगमंचाकडे राहत नाही. त्या संध्याकाळी घरी राहिलेल्या त्या मुलीच्या आईकडे जाते. तिच्याविषयी त्या हकीगतीत सहसा एक वाक्यही नसते. त्यांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. पण कलावंताच्या घरात राहणाऱ्या माणसांची गोष्ट टाळ्यांच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि तुमचे पत्र हे त्या घरातून आलेले पत्र आहे, एवढे मी विसरू शकत नाही.

आता बांधाविषयी. आपल्याकडे कानबाईच्या सणाच्या रात्री गाणाऱ्या बाईला समोर बसलेली प्रत्येक जण ओळखते. ती कोणाची सून, तिचा आवाज कोणावर गेला आणि मागच्या वर्षी ती कोणते कडवे विसरली होती, हेही तिथे ठाऊक असते. वहीगायन या आपल्या लोकगायनाच्या प्रकारात डफावर थाप पडली की पुढचा गातो आणि मागचे झील धरतात. पुढच्याचा श्वास संपला की मागच्यांनी ओळ उचलायची असते, आणि उचलली नाही तर पुढचा उघडा पडतो. जत्रेतल्या तमाशात रंगत गेली की लोक गोधड्या गुंडाळून उठू लागतात. या सगळ्या ठिकाणी कौतुक मिळते, पण त्याला चेहरा असतो, वेळ असतो आणि माप असते. पहाटे कार्यक्रम संपतो, घुंगरू सोडले जातात आणि कलावंत घरी येऊन पुन्हा कोणाचा तरी मुलगा किंवा नवरा होतो. मोबाईलमध्ये पहाट होत नाही. तिथला आकडा रात्री दोन वाजताही हलत असतो, तो का हलला आणि का थांबला हे कोणी सांगत नाही, आणि मागचे गाणे चालले तर पुढचे चालेलच याचा काही भरवसा नसतो. बक्षीस केव्हा मिळेल हे ठरलेले नसेल तर प्राणी ते मिळवण्याची धडपड सर्वांत चिवटपणे करत राहतो, हे स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून १९५०च्या दशकातच दाखवले होते. जुगाराचा पट त्याच कारणाने सुटत नाही. तुमचे यजमान रात्री तीनपर्यंत जागतात तेव्हा ते कौतुक वाचत असतात असे तुम्हाला वाटते. मला वाटते, बराच वेळ ते फक्त वाट पाहत असतात.

त्यातच २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली. तो निर्णय देशाच्या पातळीवरचा होता आणि त्याची कारणे वेगळी होती, पण खेड्यातल्या ज्या तरुणांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी नाव घेऊन हाक मारली होती, त्यांची सगळी कमाई त्या रात्री पुसली गेली. दुकान जळाले तर लोक भेटायला येतात, पंचनामा होतो. यांचे काय गेले हे घरच्यांनाही नीट कळले नाही, आणि कोणी कोणी तर बरे झाले म्हणून हसलेही. तेव्हा त्यांना घरात कोणी काय म्हटले होते, ते आठवून पाहा. मी तुम्हाला दोष देत नाही. मात्र पुन्हा एकदा सगळे पुसले जाईल ही धास्ती त्या माणसाच्या आत बसलेली असू शकते, आणि "मनामुये तुमले गाव वयखस" या वाक्यात जेवढा ताठा आहे तेवढीच ती धास्तीही आहे. आत्मप्रीतीचे दोन चेहरे अभ्यासक सांगतात : एक छाती काढून चालणारा आणि दुसरा जरा टोचले तरी कोमेजणारा. पुष्कळदा ते एकाच माणसात आलटून पालटून दिसतात. एका अनोळखी माणसाच्या कमेंटवरून दोन दिवसांचा अबोला धरणारा माणूस स्वतःवर फार खूश आहे, असे मला वाटत नाही.

हे समजून घ्या, पण समजून घेणे म्हणजे सोसत राहणे असा अर्थ काढू नका. आपल्याकडे बाईला समजूतदार म्हटले की पुढचे ओझे तिच्याच डोक्यावर ठेवतात.

इथे एक वैद्यकीय गोष्ट आधी तपासायला हवी आणि ती मावसभावांच्या लक्षात आलेली नसावी. रात्रीचे जागणे कमेंट वाचण्यामुळे आहे की झोपेची गरजच कमी झाली आहे? आठवडाभर किंवा अधिक काळ ते दोन-तीन तासांच्या झोपेवर ताजेतवाने असतात का, एरवीपेक्षा फार भरभर बोलतात का, एका कल्पनेवरून दुसरीवर उड्या मारतात का, हिशेब न ठेवता पैसा उधळतात का आणि मग काही काळ अगदी खचून जातात का? तसे असेल तर हा स्वभावाचा प्रश्न नसून उन्मादाची अवस्था असू शकते, तिच्यावर औषधे आहेत आणि ती बऱ्यापैकी लागू पडतात. जमीन विकण्यासारखे निर्णय त्या अवस्थेत पुष्कळदा होतात. दारू किंवा दुसरे काही सुरू झाले आहे का, तेही पाहा. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे, आणि तिथे जाण्याआधी बोलायचे असेल तर 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतूनही, बोलता येते. "आता जगून काय करायचे" अशा अर्थाचे काही बोलले, विशेषतः एखादे गाणे पडल्यावर, तर ते नाटक समजू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

आजार बरा होत नाही, हे मावसभावांचे म्हणणे मला मान्य नाही. विकार असला तरी त्याच्यासाठी म्हणून वेगळी गोळी नाही आणि बोलण्याच्या उपचारांना दीर्घ काळ लागतो, एवढे खरे. अडचण अशी की असा माणूस "मी आत्मकेंद्री झालो आहे" म्हणून डॉक्टरांकडे येत नाही. तो झोप येत नाही म्हणून येतो, मन लागत नाही म्हणून येतो, बायको माहेरी गेली म्हणून येतो. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या गायक, नकलाकार आणि ऑर्केस्ट्रातल्या मंडळींपैकी एकही जण त्या शब्दाचा दाखला घेऊन आला नव्हता. म्हणून तो शब्द त्यांच्या तोंडावर फेकू नका. तो मोबाईलमधून आलेला शब्द आहे आणि त्याला ते मोबाईलमधलेच उत्तर देतील, बहुधा लाईव्ह. झोपेच्या तक्रारीवरून त्यांना डॉक्टरांपर्यंत नेणे सोपे जाईल.

बोलण्याची वेळ निवडा. नवे गाणे टाकल्यानंतरचे दोन दिवस आणि वाईट कमेंट आल्यानंतरची रात्र सोडून द्या. गाण्यावर टीका करू नका, कारण गाणे ही त्यांची चांगली बाजू आहे आणि ती आपल्याला वाचवायची आहे. पण व्ह्यूजचे आकडे विचारून आनंद दाखवणेही बंद करा. ते गुणगुणत असतील तेव्हा हातातले काम ठेवून ऐका आणि "हे कडवे चांगले जमले" एवढेच म्हणा. कौतुक कडव्याचे करा, कपाळावर तुरा खोवू नका. या दोहोंतला फरक लहान दिसतो, पण ज्याला तुऱ्याचीच सवय झाली आहे, त्याला केलेल्या कामाची कदर पुन्हा ओळखायला त्यातूनच शिकावे लागते.

तीन ठिकाणी मात्र मऊपणा उपयोगाचा नाही, आणि पहिले ठिकाण जमीन आहे. सातबारा काढून तिच्यावर कोणाची नावे आहेत ते आजच पाहा. जमीन वडिलोपार्जित असेल तर तिच्यात तुमच्या मुलाचाही जन्मतः हक्क असू शकतो आणि अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाच्या हिश्शाची विक्री केवळ वडिलांच्या मर्जीवर होत नाही, कुटुंबाची खरी गरज दाखवावी लागते. सासूबाईंचे नाव असेल तर त्यांच्या सहीशिवाय त्यांच्या हिश्शाचे काही होणार नाही. नीट समजून घेण्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तुमचे दागिने हे तुमचे स्त्रीधन आहे, ते बँकेच्या लॉकरमध्ये तुमच्या नावावर ठेवा. यजमानांना सांगताना "तुमच्या गाण्यावर माझा विश्वास नाही" असे म्हणू नका. "गाण्याने मिळवलेले गाण्यात घाला, जमिनीने दिलेले जमिनीत राहू द्या" असे म्हणा. कार्यक्रमांच्या सुपारीचे पैसे आणि चॅनेलचे उत्पन्न एका वेगळ्या खात्यात जमा होऊ द्या आणि पुढच्या व्हिडिओचा खर्च त्याच खात्यातून करायचा, असे ठरवून घ्या. हा व्यवहार त्यांना पटण्याची शक्यता आहे, कारण त्यात त्यांच्या कमाईला मान आहे.

दुसरे ठिकाण मुलगा. इथे मी अधिक कडक आहे. चित्रीकरणात काम करणाऱ्या मुलांसाठी बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम आहेत : दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, शाळा बुडता कामा नये आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवला पाहिजे. घरच्या रील्सना हे नियम जसेच्या तसे कितपत लागतील हा कायद्याच्या जाणकाराचा विषय आहे, पण परक्या निर्मात्यालाही मुलाची शाळा बुडवायची मुभा नसेल तर सख्ख्या बापाला ती कुठून आली, हा प्रश्न तुम्ही निश्चित विचारू शकता. शाळेच्या दिवशी रील नाही, आणि मुलगा नको म्हणाला तर कोणत्याच दिवशी नाही, एवढे ठरवा. मुलाला तिथे आनंदही होत असेल; त्याला तो मिळू द्या, पण घरात त्याच्याशी बोलताना जपा. नेदरलँड्समध्ये सात ते बारा वर्षांच्या साडेपाचशेहून अधिक मुलांचा आणि त्यांच्या आई-वडिलांचा काही काळ पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना घरी तू इतरांपेक्षा श्रेष्ठ आहेस असे सतत सांगितले जात होते, त्यांच्यात पुढे आत्मप्रीती वाढलेली दिसली. ज्यांना फक्त माया मिळाली, त्यांच्यात स्वतःविषयीचा निरोगी आदर वाढला. तुमच्या मुलाला आज दोन्हींतला फरक कळत नाही. नाच चांगला झाला तर बाबा जवळ घेतात आणि नाही झाला तर घेत नाहीत, एवढे मात्र त्याला पक्के कळले असेल.

तिसरे ठिकाण तुमची थट्टा. लाईव्ह सुरू झाले की तुम्ही उठून दुसऱ्या खोलीत जा, दर वेळी, न भांडता. लोकांसमोर अपमान करणे आणि घरातला पैसा रोखणे किंवा उधळणे हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मोडू शकते, हे माहीत असू द्या. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे. हे लिहिताना मी तुम्हाला घर सोडायला सांगत नाही. ज्या बाईला दार कुठे आहे ते माहीत असते, ती घरात कमी घाबरून राहते, म्हणून सांगते. हात उगारला गेला तर मात्र या पत्रातले बाकी सगळे बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित जागी जा.

तुमच्या दिरांनी किंवा कोणी त्यांना बहिणाबाईंचे उदाहरण दिले असेल तर ते थांबवा. आपल्या भागात हे फार होते. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ मध्ये निघाले. त्या शेतात आणि जात्यावर गात राहिल्या, मुलाने आणि नातेवाइकाने ती गाणी उतरवून घेतली, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ही गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण हळदीला गाऊन पोट भरू पाहणाऱ्या माणसाला ती सांगणे म्हणजे, तू प्रसिद्धी मागतोस म्हणून तू खोटा कलावंत, असे म्हणणे आहे. त्याला गाणे विकायचे आहे, म्हणजे लोकांना हाक मारावीच लागणार. शिवाय बहिणाबाईंची गाणी मुलाने लिहून घेतली आणि ती आईच्याच नावाने आली, हेही त्या गोष्टीत आहे. तुमच्या घरात नेमके याच्या उलट झाले आहे.

म्हणून शेवटी तुमच्या सासूबाईंच्या चालीकडे येते. मला त्या एका तपशिलात तुमचे सगळे पत्र दिसले. आखाजीला झोक्यावर म्हटलेल्या गाण्यांना कोणी एक कर्ता नसतो हे मान्य. पण ती चाल यजमानांच्या कानात आईच्या आवाजातून आली, आणि ताल बाबांच्या ढोलकीतून. यूट्यूबवर गाण्याखाली वर्णन लिहिण्याची जागा असते आणि ती केव्हाही बदलता येते. एक पैसा लागत नाही, एक व्ह्यू कमी होत नाही. एखाद्या निवांत दुपारी, सासूबाई ओट्यावर असतील तेव्हा, यजमानांना म्हणा की चाल आईची आणि ढोलकीचे शिक्षण बाबांचे, एवढी एक ओळ तिथे लिहू या. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. ते जरा गडबडले, विसरलोच होतो म्हणाले आणि त्यांनी ती लिहिली, तर झील धरणारा तो माणूस अजून आत आहे आणि त्याच्याशी बोलता येईल. तुम्ही पुढची बोलणी जमिनीपासून सुरू करा. ते भडकले, आईने काय केले, बाबांनी काय दिले, सगळे मीच केले असे म्हणाले, तर वाद घालू नका. त्या रात्री फक्त सातबारा कुठे आहे ते पाहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी विधी सेवा समितीत जाऊन या. काही न बोलता आत निघून गेले, तर आठवडाभर थांबा आणि एकदा गाण्याखालची ती जागा स्वतः उघडून पाहा. काही माणसांना दुसऱ्याचे नाव लिहिताना कोणी पाहत असलेले चालत नाही.

बाबांची ढोलकी आता कोण वाजवते, हे तुम्ही लिहिलेले नाही. पुढच्या पत्रात तेवढे कळवा.